गायनं काढणारी बाई

आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारची गायनं मी काढते. म्हणजे 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली कुठली चार-पाच गीतं म्हणायची ते शनिवारी ठरवायचं, त्यांचे आकडे चिठ्ठीवर लिहून ठेवायचे आणि रविवारी पेटीवर बसून मंडळीला सूर द्यायचा. पगार नाही, मान बेताचा, तक्रारी मात्र घाऊक. "आज सगळी रडकीच गायनं काढलीत," असं एक आजी पायरीवर सांगतात आणि मी फाटकापर्यंत पोचेस्तोवर कोणी आजोबा, "हल्ली तुमचा ठेका फार झालाय," म्हणून कान उपटतात. दोघांनाही मी "हो, बघते" म्हणते.

बँकेतल्या मैत्रिणी नाताळ जवळ आला की हमखास विचारतात, "तुम्ही चर्चमध्ये नक्की करता काय गं?" त्यांच्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातलं चर्च असतं. मेणबत्त्या, पांढऱ्या झग्यातले फादर, जाळीआड बसून गुन्हा कबूल करणारा नायक. आमच्याकडे, म्हणजे प्रोटेस्टंट मंडळीत, ती जाळी नाही. फादरही नाहीत, पाळकसाहेब आहेत. त्यांना बायको-मुलं असतात, मुलांच्या शाळेची फी असते आणि महिला मंडळावर पाळकीणबाईंचं राज्य असतं. कॅथलिकांसारखा मास नसतो, उपासना असते. हे सगळं दर वर्षी डब्याच्या वेळेत सांगून होत नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

पुण्यात ख्रिस्ती माणूस म्हणजे कॅम्पातला आणि इंग्रजी बोलणारा, हा समज काही जात नाही. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२ चं. पेशव्यांच्या फौजेतल्या गोव्याकडच्या कॅथलिक शिपायांसाठी सवाई माधवरावांनी त्याला जागा दिली. इंग्रजांचं राज्य इथे यायला तेव्हा पंचवीसेक वर्षं अवकाश होता. कॅम्पातलं सेंट मेरीज १८२५ चं, ते मात्र खास इंग्रज पलटणीचं. आणि गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचं पवित्र नाम देवालय, लांबून दिसणाऱ्या मनोऱ्याचं, १८८० च्या दशकातलं. ते माझ्या आजीचं. बाकीच्या पुण्याला ते चहामुळे ठाऊक आहे. १८९० साली तिथे व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठित पुणेकरांपुढे चहा-बिस्किटं आली, कोणी घेतला, कोणी नुसता कपाला हात लावला, नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि टिळक-रानड्यांसकट सगळे ग्रामण्यात, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादात, अडकले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. आमच्याकडे आजही उपासनेनंतर चहा असतो. फार गोड असतो, एवढाच काय तो दोष.

तर माझं माहेर पंचहौदचं, म्हणजे अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं. सासर नगरचं, अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे काँग्रिगेशनल. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रदरन असे सहा-सात पंथ एका छत्राखाली आले. अमेरिकन मेथडिस्ट शेवटच्या घटकेला बाहेर राहिले, म्हणून पुण्यात त्यांची देवळं आजही वेगळी. कागदावर एकी झाली खरी. उपासनेत ती व्हायला किती वेळ लागतो ते आमच्या घरात बघावं.

माझी आजी पुस्तकातली प्रार्थना म्हणायची. छापील, ठरलेली, दर रविवारी तीच. तिला ती सबंध पाठ होती आणि स्वयंपाक करतानाही तिच्या तोंडात पापांगीकाराची, म्हणजे पापकबुलीची, वाक्यं असायची. सासूबाईंना हे अजब वाटे. "देवाशी बोलायला पुस्तक कशाला लागतं?" असा त्यांचा रोखठोक सवाल. त्यांच्याकडे पाळक उभे राहणार, डोळे मिटणार आणि मनातून येईल ती प्रार्थना करणार. ती कधी चार मिनिटांची, कधी वीस मिनिटांची. त्यात मंडळीतल्या आजाऱ्यांपासून दिल्लीच्या सरकारपर्यंत सगळे यायचे, आणि कधीकधी ज्याला सुनवायचं आहे पण तोंडावर सुनवता येत नाही असा मंडळीच्या कारभारातला एखादा पंचही यायचा. आजीचं म्हणणं, छापील प्रार्थनेत कोणाला टोमणा मारता येत नाही, हा तिचा मोठा गुण. मला दोघींचं पटतं. त्यातही पुस्तकाकडे मन जरा जास्त झुकतं, कारण ज्या दिवशी मनातून काही येत नाही त्या दिवशी पुस्तक वेळेला धावून येतं.

प्रभुभोजनाचंही, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचंही, तेच. माहेरी रेलिंगपाशी गुडघे टेकायचे, पातळ पांढरी चकती हातावर घ्यायची, आणि एकाच मोठ्या पेल्यातून सगळ्यांनी घोट घ्यायचा. नगरकडे ब्रेडच्या कडा काढून केलेले चौकोनी तुकडे, आणि लाकडी ट्रेमध्ये बोटभर काचेचे पेले, ज्याचा त्याचा वेगळा. द्राक्षारस म्हणजे बहुतेक वेळा मनुका उकळून गाळलेला रस, तो महिला मंडळातली कोणीतरी आदल्या दिवशी घरी करते. आमच्या आताच्या मंडळीत बरीच वर्षं मोठा पेला होता. करोनात देवळं बंद झाली, उपासना मोबाइलवर आली, आणि पुन्हा उघडल्यावर छोटे पेले आले ते राहिलेच. पन्नास वर्षं कमिट्यांना जे सुटलं नाही ते एका विषाणूने सोडवलं. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "बघ."

आता मुख्य उपासना. ती साधारण दीड तास चालते. पाळकसाहेब शास्त्रातलं एखादं वचन वाचून आवाहन करतात, मग पहिलं गायन, उभं राहून. मग पापांगीकार. गुडघे टेकणारे टेकतात, ज्यांचे गुडघे दगा देतात ते पुढच्या बाकावर कपाळ टेकतात. मग स्तोत्र आळीपाळीने, एक वचन वाचकाचं, एक मंडळीचं. मग शास्त्रपाठ. ते वाचायला मंडळीतलीच माणसं असतात, आणि बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकातली नावांची यादी वाट्याला आली की वाचणाऱ्याचा घसा शनिवारीच बसतो. शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या, पाठाच्या वेळी पुन्हा उभं राहायचं. उपदेश, मतांगीकार म्हणजे विश्वासाची कबुली, मध्यस्थीच्या प्रार्थना, दानार्पण, सूचना, आशीर्वाद. सूचनांना कधीकधी उपदेशाइतका वेळ लागतो: कोणाचा वाढदिवस, कोण दवाखान्यात, टाकीचं पाणी, दुचाक्या लावायची जागा.

या सगळ्यात गायनं बसवायची असतात, आणि ती कशी बसवायची हे कुठल्याही पुस्तकात नाही. पहिलं गायन असं हवं की उशिरा येणारा धावत येऊन दुसऱ्या कडव्याला सामील होऊ शकेल. उपदेशाआधीचं पाठाशी जुळणारं हवं, पण इतकंही नको की पाळकसाहेब जे सांगणार ते आम्ही आधीच गाऊन मोकळे. दानार्पणाचं गायन थैल्या शेवटच्या बाकापर्यंत जाऊन परत येईपर्यंत पुरायला हवं. गर्दीच्या रविवारी सहा कडव्यांचं काढते, पावसाळ्यातल्या रोडावलेल्या रविवारी चार पुरतात. थैली अजून मागेच असेल तर शेवटचं कडवं दोनदा घेते आणि सेवककाका मागून मान हलवतात तेव्हा थांबते. शेवटचं गायन सगळ्यांच्या तोंडी असलेलंच हवं, कारण तोवर अर्ध्या बायकांचा एक हात पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत असतो.

शिवाय पंचांग असतं. नाताळआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार नाताळची गीतं काढायची नाहीत, मॉलमध्ये नोव्हेंबरपासून वाजत असली तरी. वाट बघायची म्हणजे बघायची. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत 'हालेलुया' असलेलं काही नाही. हा माझा माहेरचा नियम. नगरकडच्या मंडळींना तो जाच वाटतो, "चाळीस दिवस देवाची स्तुती करायला बंदी आहे का?" असं मला विचारलं गेलं आहे. बंदी नाही. पण ईस्टरच्या पहाटे तो शब्द पहिल्यांदा येतो तेव्हा आवाज किती मोठा निघतो ते पेटीवर बसून ऐकलं असतं तर हा प्रश्न कोणी विचारला नसता.

आणि याच्याही वर आमचा फलक. खांबाला टांगलेला, खाचांचा, त्यात आकड्यांच्या पाट्या सरकवायच्या. तीनच्या पाट्या हरवल्या आहेत, दोनच उरल्यात. त्यामुळे ३३ आणि १३५ एकाच रविवारी काढता येत नाहीत. एखाद्या रविवारी गीतांची निवड फार विचारपूर्वक झालीय असं कोणाला वाटलं तर खुशाल वाटू द्यावं.

पेटीबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या देवळात एक जुनी पायपेटी आहे, पायाने भाता मारायची, आणि एक हाताची साधी हार्मोनियम. जुन्या लोकांच्या लेखी पायपेटी म्हणजे साहेबी आणि हाताची पेटी म्हणजे आपली. विलायती चालीचं गीत पायपेटीवर, भजनाच्या चालीचं हाताच्या पेटीवर, अशी वाटणीच होती. खरं तर दोन्ही एकाच घरच्या. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये देबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली घेतलं. त्याच वर्षी नगरकडे 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पुढे १८७५ च्या सुमारास ती मांडी घालून वाजवता येईल अशी केली. म्हणजे आमची 'देशी' पेटी जहाजातून आलेली. गंमत अशी की आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं हार्मोनियमला परकी म्हणून बाहेर ठेवलं, आणि त्याच काळात आमच्या देवळात पंच मंडळी म्हणत होती, परकं नको, पेटी वाजवा.

गीतांतही हीच सरमिसळ. पुस्तक उघडलं की एका पानावर इंग्रजी चालीवर बेतलेलं, मात्रा मोजून घट्ट बसवलेलं भाषांतर. त्रैक्याच्या रविवारी आम्ही जे 'पवित्र, पवित्र, पवित्र' म्हणतो ते मूळ बिशप हीबरचं. हाच हीबर १८२५ साली पुण्यात येऊन सेंट मेरीजचं समर्पण करून गेला, पुढच्या वर्षी तिकडे त्रिचनापल्लीत वारला, आणि त्याच्या गीतांचं पुस्तक छापलं गेलं त्यानंतर. पान उलटलं की अभंग, साकी, दिंडी, ओवी. रेव्हरंड ना. वा. टिळक तर पुस्तकभर भेटतात. १८९५ ला बाप्तिस्मा झालेला हा कोकणस्थ ब्राह्मण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचा, आणि ते त्याच्या गीतांत सरळ ऐकू येतं. नगरकडे कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी कीर्तनही आणलं. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, सगळं तसंच, आख्यान मात्र बायबलातल्या उधळ्या पुत्राचं. लहानपणी मी सासरच्या गावाकडचं असं कीर्तन ऐकलं असतं तर बरं झालं असतं. माहेरी आम्हाला कीर्तन नव्हतं, मनोऱ्यातल्या घंटा होत्या.

माझं आवडतं काम म्हणजे एका उपासनेत ही दोन्ही घराणी शेजारी बसवणं. चार आवाजांत म्हणायचं जुनं विलायती गीत झालं की लगेच टिळकांचा अभंग. पहिल्याला लोक ताठ उभे असतात, पुस्तक छातीशी धरून. अभंगाला तेच लोक नकळत डोलतात, आणि मागच्या बाकावरून एक काका टाळी धरतात, ती सम सोडून, पण मनापासून.

मग गेल्या काही वर्षांत प्रोजेक्टर आला. तरुण संघाने पैसे जमवले, पडदा लावला, कीबोर्ड आणला. मी विरोध केला नाही. ज्यांना पुस्तकातली बारीक अक्षरं दिसत नव्हती त्या आजी आता मान वर करून गातात, हे मी रोज बघते. नवी गीतंही सगळी टाकाऊ नाहीत. काही हिंदीतून घाईघाईत उचललेली असतात, मराठी क्रियापद शेवटी जीव मुठीत धरून बसलेलं असतं, पण काही खरंच चांगली आहेत. माझा आक्षेप एकच. पडद्यावर चार ओळी येतात आणि जातात. पुढे काय आहे, मागे काय होतं, कोणी लिहिलं, चाल कोणती, काही कळत नाही. पुस्तकात एक गीत शोधताना शेजारची दोन डोळ्यांखालून जायची आणि वर्षानुवर्षांत ती पाठ व्हायची. पडद्यावरचं गीत कोणाला पाठ होत नाही. पाठ करायची गरजच राहत नाही.

एका जुलैत दानार्पणाच्या गायनाच्या मध्यावर लाइट गेली. पडदा काळा, कीबोर्ड मुका, पंखे बंद. पुढच्या तीन बाकांवरची तरुण मंडळी 'आता काय' म्हणून एकमेकांकडे बघत राहिली. मागून, पन्नाशीच्या पुढच्या बायकांच्या रांगेतून, तिसरं कडवं आलं. मग चौथं. मी हाताची पेटी ओढून घेतली तोवर त्या अर्ध्या सुरावर चढल्या होत्या, मलाच त्यांची पट्टी शोधावी लागली. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि त्यावरून त्या सरळ सहाव्या कडव्यापर्यंत गेल्या. तेव्हापासून नवं गीत काढताना मी स्वतःला एवढंच विचारते: लाइट गेली तर हे मंडळी म्हणेल का? लगेच नाही, पण पाचेक वर्षांनी? 'हो' वाटलं तर ते गीत तीन-चार रविवार सलग घेते. 'नाही' वाटलं तर तरुण संघाच्या कार्यक्रमाला देऊन टाकते. या कसोटीत विलायती-देशीचा, जुन्या-नव्याचा प्रश्न येत नाही. आजीची छापील प्रार्थना त्यात उतरते. लंडनहून आलेली असूनही उतरते.

हे 'आपलं' आणि 'बाहेरचं' मोठं फसवं प्रकरण आहे. हल्ली काही सभांमध्ये सगळे एकदम, मोठमोठ्याने, ज्याची त्याची प्रार्थना करतात. कोणी रडतं, कोणी हात वर करतं. आमच्या पंचांपैकी निम्मे त्याला 'टीव्हीवरचं अमेरिकन फॅड' म्हणतात. मी त्यांना केडगावची आठवण देते. पुण्याहून दौंडच्या गाडीने गेलं की लागतं तेच, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव. तिथे १९०५ साली जे जागृतीचं वारं सुटलं त्यात शेकडो मुली-बायका अशाच एकाच वेळी, मोठ्या आवाजात, रडत प्रार्थना करत होत्या. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या आझुसा स्ट्रीटवरच्या ज्या सभांपासून या प्रकाराचा इतिहास सांगतात, त्या १९०६ च्या. म्हणजे आधी केडगाव. मला स्वतःला तशी प्रार्थना जमत नाही, शेजारचा ओरडायला लागला की माझं चित्त उडतं. पण न जमणं वेगळं आणि परकं म्हणणं वेगळं.

उलट बाजूची गोष्ट शिवाजीनगरची. तिथला ख्रिस्त प्रेमसेवा आश्रम. जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने १९२२ साली ख्रिस्तसेवा संघ सुरू केला, तो काही वर्षांनी पुण्यात आला. खादी, अनवाणी पाय, जमिनीवर बसून संध्या-प्रार्थना, भजन. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून गाजलेले व्हेरिअर एल्विन भारतात आले ते पहिल्यांदा या संघात. कॉलेजात असताना आम्ही तिथे एका शिबिराला गेलो होतो, दिवेलागणीला चटईवर बसून गायलो, मला फार आवडलं होतं. घरी येऊन सांगितलं तर आजोबा म्हणाले, "आम्हाला बाकावर बसवायलाही साहेब, उठवून चटईवर बसवायलाही साहेबच." आजोबा आयुष्यभर बाकावर बसले. तिसऱ्या बाकाच्या कडेला.

सणांबद्दल फार लिहीत नाही, नाताळ सगळ्यांना माहीत आहे. एवढंच सांगते की आमच्या घरी नाताळला करंज्या, चिवडा, शंकरपाळी आणि चकल्या होतात, केक विकतचा. शुभ शुक्रवारी बारा ते तीन, क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, बायका पांढऱ्या साड्यांत, बरेच लोक उपाशी. त्या तीन तासांत मी पेटी अगदी हळू वाजवते आणि काही गीतं बिनपेटीची ठेवते. सातांपैकी एखादा वक्ता ठरलेल्या वेळेच्या दुप्पट बोलतो. दर वर्षी वेगळा असतो, पण असतो.

कापणीच्या सणाबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण तो बघायला तरी बँकेतल्या मैत्रिणींनी यावं. खेड्यातल्या मंडळ्यांमध्ये हा खरा पिकाचा सण. पहिलं धान्य, कोंबडी, अंडी, भाजी देवापुढे आणून ठेवायची. आमच्या मंडळीत शेती कोणाकडे उरलेली नाही, सगळे नोकरदार आणि फ्लॅटवाले. तरीही त्या रविवारी वेदीपुढे ऊस उभे असतात, भोपळे, केळीचा घड, तांदळाची पिशवी, कुंडीत आलेल्या सात मिरच्या, लोणच्याच्या बरण्या, एखादी बांधलेली कोंबडी. उपदेशाच्या ऐन गंभीर जागी ती बोलते. उपासना झाली की अंगणात लिलाव.

लिलाव पुकारणारे आमचे एक निवृत्त मास्तर. नारळ हातात उंच धरून सुरुवात करतात: "पन्नास! कोण म्हणतंय पन्नास? अहो, मंडईत चाळीसला आहे, पण त्याला आशीर्वाद नाही!" पन्नासचे शंभर, शंभरचे तीनशे. ज्याने घेतला तो पैसे भरतो आणि नारळ परत टेबलावर ठेवतो: "पुन्हा पुकारा." तोच नारळ दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विकला जातो. मग दोन घराण्यांत चुरस लागते. नगरवाले एका बाजूला, पंचहौदवाले एका बाजूला. केकवरून लागते, अंड्यांवरून लागते. एकदा एका साध्या दुधी भोपळ्यावरून अशी लागली की शेवटी तो हजाराच्या वर गेला, आणि ज्यांनी घेतला त्या बाई म्हणाल्या, आमच्या घरी दुधी कोणी खात नाही. जमलेल्या पैशातून देवळाच्या छपराचं काम निघतं. पेटीचा भाता बदलला तोही असाच. एकीचा ठराव नागपुरात झाला असेल, आमच्याकडे ती दर वर्षी या अंगणात, एकमेकांवर बोली चढवत होते.

तर ज्यांना यायचं आहे त्यांनी कुठल्याही रविवारी या. वेळ नऊची, म्हणजे नऊलाच; उशीर झाला तर पहिलं गायन संपेपर्यंत दाराशी थांबा, मग आत या. चपला काढायच्या नाहीत, आमच्याकडे तशी पद्धत नाही. काढल्यात तरी कोणी हसणार नाही, फक्त परत जाताना नीट बघून घाला. मधल्या बाकांवर बसा म्हणजे उभं कधी राहायचं ते पुढच्यांकडे बघून कळेल. थैली पुढे आली आणि काही टाकायचं नसेल तर नुसती शेजाऱ्याकडे सरकवा. प्रभुभोजन पहिल्या रविवारी असतं, त्या वेळी बसून राहिलात तर कोणी काही म्हणत नाही. पुस्तकं दारापाशी कपाटात आहेत, पडद्याकडे बघण्यापेक्षा एक उचला. गाडी आत लावू नका, सूचनांमध्ये नंबर वाचला जातो.